निरोप आला त्या वाटेने जाऊ नका : घरच्या फोनची राखण

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या काकूंनी ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या घराची बेल वाजवली, तेव्हा त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात काडी तुटलेला चष्मा. फोनवर निरोप होता : मागील महिन्याचे बिल नोंदले न गेल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. खाली दहा आकडी मोबाईल नंबर होता. काका दम्याच्या त्रासाने झोपून होते, दिवसातून दोनदा त्यांना वाफ द्यावी लागत होती, आणि रात्री वीज गेली तर काय करायचे या विचाराने काकूंचा जीव टांगणीला लागला होता. आकडे नीट दिसत नव्हते, म्हणूनच त्या माझ्याकडे आल्या होत्या. चष्मा धड असता तर त्यांनी तो नंबर केव्हाच लावला असता.

आम्ही तो नंबर लावला नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेले कागदी बिल काढून आणले आणि टेबलावर फोनशेजारी ठेवले. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो त्या निरोपात कुठेच नव्हता. ‘प्रिय ग्राहक’ एवढेच लिहिले होते, म्हणजे पाठवणाऱ्याला काकूंचे नावही ठाऊक नव्हते. महावितरणचे खरे संदेश ज्या नावाने येतात त्यात ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरे असतात, हा मात्र साध्या मोबाईल नंबरवरून आला होता. मग मी माझ्या फोनवरच्या महावितरणच्या अ‍ॅपमध्ये त्यांचा ग्राहक क्रमांक घालून पाहिले, तर थकबाकी शून्य. तरीही काकूंचे समाधान होईना, तेव्हा १९१२ या क्रमांकावर फोन लावून खात्री केली. सगळे मिळून वीस मिनिटे गेली असतील, आणि साडेनऊ वाजून गेल्यावरही त्यांच्या घरातला दिवा चालूच होता.

या वीस मिनिटांत आम्ही जे केले, तेच मला या लेखात सविस्तर सांगायचे आहे. मी ऐरोलीला संगणकाच्या क्षेत्रात काम करते आणि सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या फोनची दुखणीखुपणी बहुधा माझ्याकडेच येतात. इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे : निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने उत्तर द्यायचे नाही. निरोपातला दुवा दाबायचा नाही, त्यातल्या नंबरवर बोलायचे नाही, फोन करणाऱ्याने सांगितलेले अ‍ॅप उतरवायचे नाही. निरोप खरा असेल, तर तो आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या दुसऱ्या वाटेनेही खराच ठरतो.

फसवणुकीची संहिता जुनीच आहे

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, हे अनेकांना आठवत असेल. तिथे बसलेली तरुण मुले अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी म्हणून फोन करत. तुमचा कर थकला आहे, अटक होईल, ताबडतोब पैसे भरा, असे धमकावत आणि दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यावरचे आकडे वाचून दाखवायला लावत. आज आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’ नावाने जे चालते, त्याची संहिता हीच आहे. फक्त खाते बदलले आणि पैसे नेण्याची तऱ्हा बदलली. अधिकाऱ्याचा आव, आत्ताच्या आत्ता हा तगादा, कोणालाही सांगू नका ही ताकीद, आणि पैसे भरण्याची एखादी विचित्र रीत, या चार गोष्टी एकत्र आल्या की समोरचा माणूस गणवेशात दिसत असला तरी फोन ठेवून द्यावा.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा कोणताही प्रकार नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितले होते. पोलीस, सीबीआय, कस्टम्स किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अडकवून ठेवत नाही आणि ‘तपासणीसाठी’ तुमची ठेव दुसऱ्या खात्यात वळवायला सांगत नाही. असा फोन आलाच तर वाद घालू नये, आपली बाजू मांडत बसू नये. फोन ठेवावा आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला मोठ्याने सांगावे. ‘कोणालाही सांगू नका’ ही अट तिथल्या तिथे मोडणे हाच यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण या फसवणुकीचा सगळा डोलारा माणूस एकटा असण्यावर उभा असतो.

एक कागद तयार करा

खात्रीची वाट आधीच आखून ठेवलेली हवी, कारण घाबरलेल्या अवस्थेत आपण गूगलवर ‘बँक कस्टमर केअर’ असे शोधतो आणि भामट्यांनी पेरून ठेवलेला खोटा नंबर नेमका तिथेच हाती लागतो. म्हणून एखाद्या निवांत रविवारी वहीचे एक पान घ्यावे. त्यावर बँकेचा क्रमांक लिहावा, तो डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकातून पाहून. वीज आणि गॅस यांचे ग्राहक क्रमांक व मदत क्रमांक कागदी बिलांवरून. सिमकार्डाच्या कंपनीचा मदत क्रमांक. आणि ठळक अक्षरांत १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तोही उतरवून घ्यावा. लोकलच्या गर्दीत फोन चोरीला गेला, तर पोलिसांकडील तक्रारीच्या आधारे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो हँडसेट बंद पाडता येतो आणि त्यासाठी हा क्रमांक लागतो. हे पान फ्रीजच्या दारावर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावे. पिन मात्र त्यावर कधीही लिहू नये.

बँकेच्या संकेतस्थळाबाबत आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, आणि हा पत्ता नोंदणीकृत बँकांनाच मिळतो. पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या आधीचा शेवटचा भाग पाहण्याची सवय लावावी, कारण सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही घालू शकतो. बँका व वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. तरीही पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर पूर्ण भिस्त ठेवू नये. शंका आली की फोन ठेवून कागदावरच्या क्रमांकावर आपण होऊन लावावा; खरा बँक कर्मचारी यावर रागावत नाही.

यूपीआयबद्दल एकच गोष्ट सांगते. गावदेवी मंडईत भाजीवाल्या मावशींना आपण रोज कोड स्कॅन करून पैसे देतो. पैसे घेताना त्या कधी पिन टाकताना दिसल्या आहेत का? पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावे लागत नाही. जुने कपाट विकायला काढले आणि घेणारा म्हणाला की पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका, तर मावशींना आठवावे.

फोनमध्ये नेमके काय बदलायचे

सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हटल्यावर ईमेलवरच येतात. तो डबा ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्या किल्ल्या. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू असावी. पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे. कंदील, सातबारा, घुंगरू, पोपटी असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि यंत्राला ओळखायलाही जड जातो. हे चार शब्द मात्र आता छापले गेले, तेव्हा तुमचे तुम्ही शोधा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा कार्यालयांतून अजूनही फिरणारा सल्ला आता जुना झाला आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच तो मागे घेतला, कारण सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि पासवर्ड कमकुवत होत जातो. तो कुठे फुटल्याची शंका आली की लगेच बदलावा, एरवी नाही. पासवर्ड सांभाळणारे अ‍ॅप वापरता आले तर उत्तमच. न जमल्यास घरातल्या वहीत लिहून ती कपाटात ठेवणे यात मला तरी काही गैर वाटत नाही. परदेशात बसलेल्या चोराचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंगमधल्या खात्याच्या भागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपमधलीच ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही यादी महिन्यातून एकदा उघडून पाहावी आणि अनोळखी संगणक दिसला तर काढून टाकावा. पार्सलवाला म्हणून फोन करून कोणी स्टार किंवा हॅशने सुरू होणारा आणि पुढे मोबाईल नंबर असलेला कोड दाबायला सांगितला, तर दाबू नये, कारण त्याने तुमचे कॉल त्याच्या फोनकडे वळतात आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी त्याला मिळतो. चुकून दाबला गेलाच, तर ##००२# दाबल्याने कॉल वळवणे रद्द होते.

आता एपीके फाइलबद्दल थोडे थांबून सांगावे लागेल, कारण अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सर्वाधिक असते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, किंवा गाडीचे ई-चलान, किंवा बँकेची केवायसी. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच फसलेला असतो. नावात ‘पत्रिका’ असते आणि शेवटी ‘डॉट एपीके’. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइडचा आख्खा प्रोग्राम. तो उघडल्यावर फोन आधी इशारा देतो की अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप बसवण्यास परवानगी नाही. पुष्कळ जण इथेच घाईने परवानगी देतात. मग ते अ‍ॅप संदेश वाचण्याची आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. या दोन्ही दिल्या की तुमचा ओटीपी तुमच्याआधी त्याला दिसतो आणि पडद्यावरची बटणेही ते स्वतः दाबू शकते. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम यांना असे अ‍ॅप बसवण्याची परवानगी दिलेली नाही ना, हे आजच पाहावे. चलानाची शंका असेल तर ई-चलानाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक घालावा. असे अ‍ॅप बसलेच असेल, तर आधी विमान चिन्हाचे बटण दाबून आणि वायफाय बंद करून फोनचा संपर्क तोडावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि मगच फोन दुरुस्तीला न्यावा. आधी फोन नीट करू, मग बँकेचे बघू, असे म्हणण्यात लोकांचे मोलाचे तास जातात.

आधारचे बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या अधिकृत संकेतस्थळावरून कुलूपबंद करता येते आणि लागेल तेव्हा तात्पुरते उघडता येते. अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याच्या फसवणुकीला त्याने आळा बसतो. आधारची प्रत कोणी मागितली, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत द्यावी. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हेही दिसते. सोसायटीतल्या एका आजोबांच्या नावावर, त्यांनी कधी न पाहिलेले एक सिम निघाले. तिथूनच आम्ही ते आपले नसल्याचे कळवले.

जी सुरक्षा विकत मिळते म्हणतात, तिच्याबद्दल

भीती दाखवून लुबाडणारा आणि अचंबा दाखवून विकणारा, या दोघांचे हत्यार एकच असते : विचार करायला वेळ द्यायचा नाही. ‘लष्करी दर्जाची सुरक्षा’, ‘एआयने चालणारे कवच’, ‘शंभर टक्के हॅकप्रूफ’ असे शब्द कानावर आले की मी एकच विचारते : हे मला नेमके कोणापासून वाचवणार आहे? याचे एका वाक्यात साधे उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

व्हीपीएनचे, म्हणजे आपली इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्या कंपनीच्या संगणकामार्फत नेणाऱ्या सेवेचे, उदाहरण घेऊ. त्याची जाहिरात पाहून वाटते की सगळे भामटे दाराबाहेर राहतील. प्रत्यक्षात इंटरनेट कंपनीला जे दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते, एवढाच बदल होतो. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, आणि त्यावरून काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. व्हीपीएनला उपयोग आहे, कार्यालयाच्या कामासाठी मी रोज वापरते. पण काकूंनी तो वीजबिलाचा नंबर लावला असता, तर जगातल्या कोणत्याही व्हीपीएनने त्यांना अडवले नसते. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारच्या कुलपाचेही तसेच आहे. वाटेत कोणी डोकावत नाही, एवढीच त्याची हमी. दाराच्या आत भामटा बसला आहे की बँक, हे ते कुलूप सांगत नाही.

एआयच्या नावाने गुंतवणुकीची जी अ‍ॅप्स येतात, त्यांच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एका गेमिंग अ‍ॅपची भलामण करणारा बनावट व्हिडिओ फिरला आणि तो खोटा असल्याचे त्यांना स्वतः सांगावे लागले. त्याच वर्षाच्या आरंभी एका नामांकित अभियांत्रिकी सल्लागार कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने, व्हिडिओ बैठकीत दिसलेले वरिष्ठ खरे समजून, सुमारे अडीच कोटी अमेरिकी डॉलर पाठवून दिले. बैठकीतले चेहरे बनावट होते. चेहरा आणि आवाज ही आता ओळख राहिलेली नाही, हे घरातल्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना सांगायला हवे. आमच्या घरी आम्ही एक शब्द ठरवला आहे. रात्री-अपरात्री कोणी पैशांसाठी फोन केला, तर तो शब्द विचारायचा. शब्द नाही तर पैसे नाहीत, मग आवाज कितीही रडवेला असो. शेअर बाजारासाठी पैसे भरायचे असतील, तर सेबीने दलाल व म्युच्युअल फंडांसाठी आणलेली नवी सोय वापरावी : त्यांच्या यूपीआय पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो, आणि ‘सेबी चेक’ या सुविधेत तो पत्ता पडताळता येतो.

‘क्लाउड’ हा शब्दही असाच हवेत तरंगणारा आहे. आम्ही मात्र ठाणे-बेलापूर रस्त्याने रोज त्याच्या समोरून जातो. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती, छतावरची शीतयंत्रे, आवारातले डिझेल जनरेटर, हाच तो ढग. फोटो क्लाउडवर आहेत म्हणजे ते दुसऱ्याच्या इमारतीत आहेत. तिथे ते बहुधा तुमच्या फोनपेक्षा सुरक्षितच असतात, परंतु खाते हातचे गेले तर फोटोही जातात, आणि फोन व क्लाउड जोडलेले असताना फोनवरून पुसलेला फोटो तिकडूनही पुसला जातो. म्हणून एक प्रत जोडलेली नसलेलीच हवी.

याचा मोठा धडा इथल्याच बंदराने पाहिला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेल्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे जगभरातले संगणक बंद पाडले, आणि उरणजवळच्या जेएनपीटीतील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. संपूर्ण जाळ्याची ओळख-नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी घानातला एकच वाचला, तोही हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेल्यामुळे तो जाळ्याबाहेर होता म्हणून. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला तुटलेल्या जोडणीने तारले. आपण एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटो आणि कागदपत्रे तिच्यावर उतरवावीत, आणि वायर काढून ती कपाटात ठेवावी.

पैसे गेलेच तर

लगेच, म्हणजे त्याच मिनिटाला, १९३० लावावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याच वेळी बँकेला फोन करून कार्ड व यूपीआय बंद करावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि तक्रार लवकर पोहोचली तर वाटेतल्या बँकेत ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले आहे की, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर काहीही बोजा पडत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तरीही कळवल्यानंतरचे नुकसान बँकेकडे जाते. त्यामुळे लाजेपोटी रात्रभर थांबणे महागात पडते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी, मिळालेला तक्रार क्रमांक स्वयंपाकघरातल्या कागदावर लिहून ठेवावा, आणि संदेश, क्रमांक, व्यवहाराची पाने पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत.

फसलेल्या माणसाला त्या दिवशी एकही शब्द सुनावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोसायटीतल्या एका काकांनी मुलगा रागावेल म्हणून दोन दिवस काहीच सांगितले नव्हते, आणि तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेले होते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी बहुधा आणखी एक फोन येतो. तुमचे अडकलेले पैसे आम्ही सोडवून देतो, फक्त प्रक्रियेचे शुल्क आधी भरा, असे सांगणारा माणूस तुमच्या तक्रारीचा तपशीलही बोलून दाखवू शकतो. त्याला काही न सांगता फोन ठेवावा, स्वयंपाकघरातला तो कागद काढावा आणि त्यावर लिहून ठेवलेल्या तक्रार क्रमांकाची चौकशी स्वतः पोलीस ठाण्यात किंवा १९३० वर करावी.